पिनेपासून मागच्या लाल दिव्यापर्यंत

ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो तेव्हा ओढणाऱ्याचे वजन असते दोन-सव्वादोन टन आणि ओढायच्या ओझ्याचे, ट्रॉल्यांसकट, पंधरा-वीस टन. या दोघांना जोडून ठेवते ती एक उभी लोखंडी पिन, अंगठ्याहून थोडी जाड. ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर, डिझेलचा खप, हायड्रॉलिकची ताकद यांवर घरात महिनाभर खल चालतो. ट्रॉलीच्या वाट्याला एवढा विचार येत नाही. ती तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात बांधून घेतात, तिला ट्रकचे उतरवलेले टायर बसवतात आणि पिन दुकानात पडलेल्या एखाद्या तुकड्यातून कापून मिळते. सुटे भाग निवडण्याचा प्रश्न या सवयीपाशी सुरू होतो. तो समजून घ्यायचा तर ट्रॅक्टरच्या हुकापासून निघावे आणि ओझ्याबरोबर मागे मागे जात राहावे, म्हणजे कुठला भाग कशाचा जोर सोसतो ते क्रमाने दिसते.

आधी कायद्याची नजर. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर माल वाहण्यासाठी न बांधलेले मोटार वाहन, आणि ट्रेलर म्हणजे मोटार वाहनाने ओढायचे वाहन. आपला काही भार पुढच्या गाडीवर टेकवणारा सेमी-ट्रेलर आणि साइडकार तेवढे यातून वगळलेले आहेत. त्यामुळे ट्रॉली ही ट्रॅक्टरची शेपटी ठरत नाही, ते स्वतंत्र वाहन ठरते. तिची नोंदणी वेगळी करावी लागते आणि विम्यातही तिचा वेगळा उल्लेख लागतो. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉली निर्धास्त, असे समजणाऱ्यांना हा फरक अपघातानंतर कळतो.

ट्रॉल्या मुख्यतः दोन जातींच्या. चारचाकी ट्रॉलीचे सगळे वजन तिच्या चारही चाकांवर बसते. पुढचा अ‍ॅक्सल फिरत्या चकतीवर, म्हणजे टर्नटेबलवर असतो आणि दांडा फक्त ओढण्याचे व वळवण्याचे काम करतो. दोनचाकी ट्रॉलीचे ओझे मात्र थोडे ट्रॅक्टरच्या हुकावर येते. ते थोडे असेल तर फायद्याचे, कारण मागच्या मोठ्या चाकांवर दाब वाढून पकड सुधारते. जास्त झाले की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही नाक वळत नाही. उलट माल अ‍ॅक्सलच्या मागे जास्त पडला तर दांडा वर उचलू पाहतो. म्हणून दोनचाकी ट्रॉली घेणाऱ्याने ट्रॅक्टरच्या पुढे लावायची बिडाची वजने हा ट्रॉलीच्याच खर्चाचा भाग धरावा. पुढच्या ओळीत अडकवलेले हे ठोकळे शोभेसाठी नसतात.

आता हुक. ट्रॅक्टरच्या मागे ओढीच्या जागा दिसतात अनेक, पण ओढण्यासाठी बनवलेली जागा ठरलेली असते: खालचा ड्रॉबार, किंवा कंपनीने मागच्या हाउसिंगला बोल्टने बसवलेला ट्रॉलीचा हुक. ओढीचा बिंदू मागच्या चाकांच्या आसाच्या खाली असावा लागतो. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराला धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, कानाला साखळी बांधून ओढले तर गणित उलटते. ओझे जागचे हलत नाही, चाके तर फिरू पाहतात, आणि मग ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरून नाक वर उचलते. पाठीवर पडायला त्याला एखाद-दोन सेकंद पुरतात. चालवणाऱ्याला क्लच दाबायचे सुचेपर्यंत खेळ संपलेला असतो. नांगर दगडाला अडून ट्रॅक्टर असे उलटण्याचे प्रकार शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत फार होत. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन याने १९२०च्या दशकात तीन दांड्यांची जी जोडणी शोधली, तिच्यामागे हेही एक कारण होते. वरचा दांडा तिथे अवजाराचा रेटा पुढे ढकलतो आणि ट्रॅक्टरचे नाक खाली दाबून ठेवतो. ज्या टॉप लिंकने ट्रॅक्टर उलटण्यापासून वाचवला, तिच्याच कानाला ट्रॉली बांधून तो उलटवणे, हा खास आपला शोध म्हणायचा.

पिनेवर किती ओढ येते याचा अंदाज घेण्यासारखा आहे. ओझे १८ टनांचे धरले तर सपाट डांबरी रस्त्यावर चाके लोटायला त्याच्या साधारण दोन टक्के, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास जोर पुरतो. विसाला एक असा चढ लागला की त्यात ९०० किलोंची भर पडते. मऊ वावरात हाच आकडा ओझ्याच्या दहा टक्क्यांवर, म्हणजे १,८०० किलोंवर जातो. म्हणूनच पाणी दिलेल्या रानातून ट्रॉली काढताना दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडावा लागतो. चांगल्या पोलादाच्या पिनेला हे आकडे जड नाहीत. तिला मारतो तो झटका. पिन आणि ट्रॉलीच्या दांड्याची रिंग यांत बोटभर ढिलाई असली की गिअर टाकताना रिंग पुढे आपटते, ब्रेक लावताना मागचे सगळे टन पुढे येऊन आपटतात. दिवसभरात असे शेकडो हातोडे बसतात. ओढून पिना तुटत नाहीत, आपटून तुटतात.

पिन निवडताना म्हणून तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, ती भोकात नीट बसते का. रिंगेचे भोक ४० मिलिमीटर आणि पिन ३० मिलिमीटर, असा संसार टिकत नाही. भोक झिजले असेल तर जाड पिन शोधण्याआधी रिंगेत कडक बुश बसवून घ्यावा. दुसरी गोष्ट पोलाद. साध्या मऊ लोखंडाची पिन लवकर झिजते आणि वाकते. लेथवाल्याकडून करवून घ्यायची असेल तर मध्यम कार्बनचे, बाजारात ईएन-८ म्हणून मिळणारे पोलाद मागावे. या पोलादाला वरून मूठ वेल्ड करण्याचा मोह टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पिन नेमकी तिथेच तडकते. मूठ हवी तर माथा एकसंध घडवलेला घ्यावा. बांधकामाची सळई कापून केलेली पिन सर्वात वाईट, कारण तिच्या अंगावरच्या धारा रिंगेला कानशीसारख्या कातरत राहतात. तिसरी गोष्ट खालचे कुलूप. पिनेच्या तळाशी भोक पाडून त्यात स्प्रिंगच्या कड्याची लिंच पिन घालतात. ती दहा-वीस रुपयांची वस्तू. तिच्या जागी वाकवलेला खिळा किंवा तारेचा तुकडा चालवून घेतला जातो, आणि खड्ड्यातून जाताना दांडा वर उसळला की मोठी पिन भोकातून सरकत वर येऊ लागते.

जुनी पिन काढून हातात घेतली की बरेच कळते. रिंग जिथे घासते तिथे अर्धचंद्रासारखी खोबण पडलेली असते. कापडाने ग्रीस पुसून त्या खोबणीवर व्हर्निअर लावावा. मूळची ३२ मिलिमीटरची पिन २८वर आली तर नजरेला फरक फारसा वाटत नाही. पण कापणाऱ्या जोराला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती जवळजवळ चौथाईने घटली. वाकवणाऱ्या जोराविरुद्धची ताकद घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती तिसऱ्या हिश्श्याने गेली. पिन हुकाच्या अरुंद फटीत बसत असेल तर कापणारा जोर महत्त्वाचा. हुकाचे दोन्ही ओठ एकमेकांपासून लांब आणि रिंग मधोमध एकटी असेल तर पिन वाकूनच मोडायची. खोबणीच्या काठाला केसासारखी चीर दिसली तर मोजमापाची गरजच उरत नाही.

पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून सुरक्षा साखळी. दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना फुली मारून ट्रॅक्टरला अडकवतात; दांडा सुटला तर त्या फुलीच्या झोळीत पडतो आणि जमिनीत रुतत नाही. साखळी वळणावर ताणणार नाही इतकीच सैल हवी, रस्त्याला घासण्याइतकी नव्हे. ट्रॅक्टरकडचे टोक हुकाच्या पिनेलाच अडकवले तर साखळीचा उपयोग शून्य, कारण पिनेबरोबर तीही जाणार.

साखळीचा विषय निघाला की टोचन आलेच. बंद पडलेल्या गाडीला किंवा रुतलेल्या ट्रॉलीला टोचन लावायला हाताला लागेल ते वापरण्याची रीत आहे: विहिरीचा दोर, जुनी वायर रोप, बैलगाडीची साखळी. वस्तू पारखायची खूण सोपी आहे. ओझी उचलण्यासाठी बनवलेल्या मिश्रधातूच्या साखळीच्या कड्यांवर ८ किंवा ८० असा ठसा असतो. बिनठशाच्या साखळीची ताकद विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. विणलेल्या पॉलिस्टर पट्ट्यांना रंगाची भाषा आहे: जांभळा १ टनाचा, हिरवा २ टनांचा, पिवळा ३ टनांचा, आणि वर शिवलेल्या पट्टीवर आकडाही छापलेला. वायर रोप ताणाखाली तुटली तर सापासारखी उलटी फिरते, तेव्हा ओढ चालू असताना तिच्या दोन्ही बाजूंना कुणी उभे राहू नये. रुतलेल्या ट्रॉलीभोवती सल्ले देणाऱ्यांचे कोंडाळे नेमके तिथेच जमते, हा भाग वेगळा.

पुढची जोडणी झाली की नजर पहिल्या ट्रॉलीच्या पाठीकडे न्यावी, कारण दोन ट्रॉल्यांच्या गाडीत सगळ्यात दुर्लक्षित हुक तिथे असतो. दुसऱ्या ट्रॉलीची पूर्ण ओढ पहिल्या ट्रॉलीच्या चासीतून पुढे जाते. हा हुक मागच्या आडव्या पट्टीवर नुसता चिकटवलेला असेल तर काही फेऱ्यांनी पट्टी पोटातून बाहेर येते. तो लांबीच्या दोन्ही मुख्य चॅनलांपर्यंत पोचणाऱ्या तिरक्या आधारांवर बसवलेला हवा. दोन ट्रॉल्यांपैकी जड भरलेली पुढे, हलकी मागे. मागची जड असली तर ती रस्त्यावर सापासारखी डुलू लागते आणि तो डोल पुढच्या ट्रॉलीला आणि तिच्यामार्फत ट्रॅक्टरला लागतो.

चासीसाठी सी-चॅनल वापरतात. १०० मिलिमीटर उंचीच्या चॅनलची पाळी ५० मिलिमीटरची, १२५च्या चॅनलची ६५ची. चॅनलाची ताकद वरच्या आणि खालच्या पाळीत असते, मधल्या उभ्या पट्टीत कमी. साहजिकच भोक पाडायचे तर मधल्या पट्टीत पाडावे. खालच्या पाळीच्या कडेला वेल्डिंगचा ठिपका देऊन वायरीची क्लिप बसवण्याने चीर सुरू होते, आणि ती चीर चिखलाखाली वर्षभर कुणाला दिसत नाही. जिथे बोल्ट लागतात तिथे बोल्टच्या माथ्यावरचा आकडा वाचावा. ४.६ आणि ८.८ हे बोल्ट पाहायला सारखेच, पण पहिला आकडा ओढताण सोसण्याची ताकद सांगतो: ४ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन, ८ म्हणजे ८००. टिंबानंतरचा आकडा त्या ताकदीच्या किती हिश्श्यावर बोल्ट कायमचा लांबू लागतो ते सांगतो, ८.८ मध्ये तो आठ-दशांश. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि हुकाचे बोल्ट ८.८च्या खालचे नकोत. नवे यू-बोल्ट पहिल्या भरल्या फेरीनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे दाबून बसतात आणि नट आपोआप सैल पडतात.

अ‍ॅक्सलच्या टोकाला हब, हबमध्ये दोन निमुळत्या रोलरची बेअरिंगे, आतले मोठे आणि बाहेरचे लहान. वाटेत बंद पडलेल्या ट्रॉल्यांच्या मागे बहुतेक वेळा याच जोडीची कहाणी असते. बेअरिंग मागताना ट्रॉलीचे माप सांगून भागत नाही. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर पुसून वाचावा आणि तोच मागावा. आतला कोन आणि बाहेरचा कप एकाच जोडीचे घ्यावेत. जुन्या कपात नवा कोन बसवून वाचवलेले पैसे चार फेऱ्यांत परत जातात. नकली माल ओळखायला खोका उपयोगी नाही, खोका नकलीलाही तसाच असतो. कोरलेली अक्षरे उथळ किंवा वाकडी, रोलरच्या माथ्यावर ओरखडे, फिरवल्यावर हाताला जाणवणारी खरखर, या खुणा पाहाव्यात.

बसवण्यातही चूक होते. नट गच्च आवळला की मेकॅनिकला समाधान वाटते आणि बेअरिंग जळते. चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा, रोलर बसले की थोडा मागे घ्यायचा, म्हणजे चाक मोकळे फिरेल आणि वर-खाली हलवल्यावर जेमतेम खेळ जाणवेल. मग मुकुटासारख्या नटाच्या खाचेतून कॉटर पिन घालून तिचे पाय दुमडायचे. ऑइल सीलचा स्प्रिंग दिसणारा ओठ ग्रीसच्या बाजूला राहतो. उलटा बसला तर ग्रीस बाहेर आणि धूळ आत. ग्रीस लिथियमचे, बेअरिंगचे, आणि जुने पूर्ण धुऊन मगच नवे, कारण दोन जातींची ग्रीसे एकत्र आली की पातळ होऊन गळू शकतात. भरली ट्रॉली सात-आठ किलोमीटर चालली की थांबून प्रत्येक हबवर तळहात ठेवावा. हात टिकला तर ठीक. चटका बसून मागे घ्यावा लागला तर ते चाक पुढे नेऊ नये.

टायरांवर लिहिलेले असते सगळे, वाचणारा हवा. ९.००-१६ म्हणजे रुंदी ९ इंच आणि आतल्या रिमचा व्यास १६ इंच. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरमागच्या छोट्या टायरगाड्यांच्या टायरवर ८.००-१९ असे माप दिसते. त्यावरची एडीव्ही ही अक्षरे सांगतात की तो जनावरांनी ओढायच्या गाडीसाठी आहे, म्हणजे बैलाच्या चालीसाठी. तोच टायर ट्रॅक्टरमागे तिप्पट-चौपट वेगाने धावला की बाजूची भिंत तापून फुगते. मोठ्या ट्रॉलीसाठी टायर घेताना पीआर हा आकडा पाहावा. तो टायरच्या सांगाड्याची भारक्षमता दर्शवतो. चार आकड्यांची उत्पादनाची खूणही शोधावी: २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रकवरून उतरवलेल्या टायरची नक्षी उरलेली असते, पण रबर म्हातारे झालेले असते. बाजूच्या भिंतीला वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात. रबर चढवलेला टायर ट्रॉलीला चालतो, मात्र सांगाडा तरुण हवा आणि एका अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा. ट्रॉलीची चाके ओढत नाहीत, नुसती लोळतात. त्यांना ट्रॅक्टरसारखी खोल तिरकी नक्षी लागत नाही. सरळ रेघांची नक्षी हलकी चालते आणि डिझेलही वाचवते.

ब्रेकच्या बाबतीत ट्रॉलीचे दैन्य सर्वांना माहीत आहे: बहुतेकींना ब्रेकच नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे फक्त त्याच्या मागच्या दोन चाकांना. उतारावर १८ टनांची ट्रॉलीजोडी मागून रेटते तेव्हा विसाला एकच्या उतारावर अर्ध्या टनाहून जास्त जोर ट्रॅक्टरच्या पाठीत असतो. त्या वेळी गाडी न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा आवरणारा हात सोडून देणे. आणखी एक बारीक वस्तू इथे जीवघेणी ठरते. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, डाव्या चाकाचे एक, उजव्याचे एक, शेतात कोपऱ्यावर चटकन वळता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ती दोन्ही एका पट्टीने जोडून टाकायची असतात. पट्टी हरवली किंवा तिचा खटका झिजला तर पाय एकाच पेडलवर पडतो, एकच चाक थांबते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली सरळ पुढे येते. ही पट्टी सुट्या भागांच्या दुकानात मिळते. हंगामापूर्वी घ्यायच्या वस्तूंच्या यादीत ती बहुधा नसते.

ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्यायचे तर पर्याय आहेत. रेट्यावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये दांड्याचे डोके आत सरकते आणि त्याच हालचालीने ट्रॉलीचे ब्रेक लागतात. ट्रॅक्टरला काही जोडावे लागत नाही, पण रिव्हर्स घेताना तो अडवतो आणि चढावर थांबलेल्या ट्रॉलीला धरत नाही. हवेचे ब्रेक उत्तम, मात्र ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी लागते. काहीच नसेल तर निदान हाताने लावायचा पार्किंग ब्रेक आणि चाकाला लावायच्या दोन लाकडी पाचरी. पाचरींना साखळी असावी आणि ती ट्रॉलीला अडकवलेली असावी. चाकाला दगड लावून काम भागते खरे, पण ट्रॉली निघते आणि दगड रस्त्याच्या मधोमध राहतो, रात्री येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी.

डंपिंग ट्रॉलीला हायड्रॉलिकचा जॅक असतो. त्याचा पाइप घेताना दाबाचा आकडा आणि दोन्ही टोकांची जोडणी पाहावी. बाहेरचे रबर सोलवटून आतली तार दिसू लागली की पाइप बदलायचा. ट्रॉलीचे पेटारे उचलून खाली काम करायचे तर जॅकवर विसंबू नये, लोखंडी टेकू लावून मगच आत शिरावे. कारखान्यावर क्रेनने उतरवायच्या उसाखाली वायर रोपचे स्लिंग पसरलेले असतात. त्यांच्या टोकांना यू आकाराच्या क्लिपा लागतात. क्लिपचा वाकडा यू दोराच्या आखूड, मोकळ्या टोकावर बसवायचा आणि सपाट बैठक ओझे सोसणाऱ्या बाजूला. उलटे झाले की यू ताणलेल्या दोराच्याच तारा चेपतो.

राहिले दिवे. वायरिंगसाठी सात पिनांचा सॉकेट मिळतो: दोन इंडिकेटर, दोन बाजूंचे मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, धुक्याचा दिवा आणि अर्थिंग. यातली अर्थिंगची वायर वाचवण्याचा उद्योग सर्रास चालतो, कारण लोखंड लोखंडाला लागलेलेच आहे, वीज पिनेतून परत जाईल असा हिशेब. ग्रीस लावलेल्या आणि गंजलेल्या पिनेतून ती नीट जात नाही. मग डावा इंडिकेटर लावला की मागचे सगळे दिवे मंद लुकलुकतात, आणि मेकॅनिक बल्ब बदलत बसतो. अर्थिंगला स्वतंत्र वायर हवी, तीही बाकीच्यांपेक्षा जाड. दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत बारा-पंधरा मीटर वायर जाते. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अ‍ॅम्पिअर घेतो आणि बारीक वायरीत तेवढ्याने उजेड निम्म्यावर येऊ शकतो. इथे एलईडी दिव्यांचा खरा फायदा होतो, कारण ते अगदी थोडी वीज खातात आणि खड्ड्यांत त्यांची तार तुटत नाही. इंडिकेटरचा फ्लॅशर मात्र एलईडीला चालणाराच घ्यावा, नाहीतर उघडझाप भलतीच जोरात होते.

चमकणाऱ्या पट्टीला लोक रेडियम म्हणतात. तिच्यात रेडियम नसते आणि ती स्वतः उजळतही नाही. आलेला उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. नियमाने पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल पट्टी लागते. बाजारात नुसते चकचकीत स्टिकरही त्याच रंगांत विकले जातात. पारख अंधारात होते: तीस-चाळीस पावले लांब उभे राहून टॉर्च डोळ्याच्या शेजारी धरायचा. खरी पट्टी कोनातूनही पेटल्यासारखी दिसते, स्टिकर काळाच राहतो. गंज आणि धूळ थिनरने पुसून कोरड्या पत्र्यावर ती चिकटवावी आणि कडा बोटाने दाबाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी खाली शिरणार नाही.

उसाच्या ट्रॉलीची अडचण याहून वेगळी आहे. दिवे आणि पट्टी फाळक्यावर बसवलेली असते, आणि ऊस फाळक्याच्या बाहेर हात-दोन हात लोंबतो. भरलेल्या ट्रॉलीचे सगळे दिवे वाढ्यांच्या मागे लपतात. मागून येणाऱ्याला दिसतो तो फक्त पाल्याचा काळा ढीग. यावर उपाय साधा आहे. दोन्ही दिवे आणि लाल पट्टी एका सुट्या फळीवर बसवून घ्यायची, तिला लांब केबल ठेवायची आणि ट्रॉली भरून झाल्यावर ती फळी मोळ्यांच्या टोकावर दोराने बांधायची. कारखान्याच्या आवारात क्रेनखाली जाण्याआधी ती काढावी लागते. ऊस उतरला की ती पुन्हा फाळक्यावर अडकवून सॉकेटमध्ये घालायची असते, कारण परतीच्या वाटेवर रात्र तीच असते आणि रिकामी ट्रॉली तर आणखी बुटकी.